‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ म्हणण्याआधी

रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर एका मुलीनं मला गाठलं. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे माझ्याशी जरा जास्त बोलते. म्हणाली, “मावशी, पाळकसाहेब सांगतात, आपली इच्छा देवाला समर्पित करा. मी मान डोलावते. पण घरी जाऊन करायचं काय नेमकं? बसायचं कुठे, बोलायचं काय?”

माझी रिक्षा उभी होती. आणि खरं सांगायचं तर या प्रश्नाला पायरीवर उभ्या उभ्या देण्यासारखं उत्तर नाही. म्हणून हे लिहून काढते. मी पाळक नाही, बायबल कॉलेजात गेलेली नाही. छत्तीस वर्षं नर्स होते, त्यातली बावीस ऑपरेशन थिएटरात. गाव नगर, म्हणजे आता अहिल्यानगर म्हणायचं. सांगतेय ते करून पाहिलेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं आधी चुकलेलं आहे.

चुकलेलंच आधी सांगते, कारण ते मी दोन वर्षं करत होते.

आमच्याकडे मेट्रनची जागा रिकामी झाली तेव्हा सेवाज्येष्ठतेत माझं नाव वर होतं. जागा मिळाली माझ्याहून सहा वर्षांनी लहान सिस्टरला. का आणि कशी, ते इथे नको. ऑर्डर निघाली त्या दिवशी भेटेल त्याला मी म्हणाले, “प्रभूची इच्छा.” महिला मंडळात उभी राहून साक्षसुद्धा दिली, की मी माझी इच्छा प्रभूच्या चरणी वाहिली आहे. दोघी-तिघींनी डोळे पुसले. आणि त्याच आठवड्यापासून मी त्या सिस्टरला सलाम करायचं सोडलं. कॉरिडॉरच्या त्या टोकाला ती दिसली की मी लिननच्या खोलीत शिरायचे आणि चादरी मोजत बसायचे. त्या दोन वर्षांत आमच्या चादरींचा हिशोब इतका चोख होता की विचारू नका.

आत पू ठेवून वरून टाके घातले तर काय होतं, हे थिएटरच्या नर्सला कुणी शिकवायला नको. पण स्वतःच्या बाबतीत दिसलं नाही.

दिसलं ते मुंबईत. माझी नणंद मेथॉडिस्ट पंथाची. नव्या वर्षाच्या एका रविवारी तिच्याबरोबर तिच्या चर्चला गेले, तर तिथे कराराची उपासना होती. त्या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७५५ साली लंडनमध्ये सुरू केलेली ही प्रथा, वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या मंडळीनं उभं राहून देवाशी केलेला करार पुन्हा नवा करायचा. त्यातली प्रार्थना सरळ हाडाला लागते. तिचा मथितार्थ असा, की हवं तर मला कामाला लाव, हवं तर सोसायला लाव. तुझ्यासाठी मला वापर किंवा तुझ्यासाठी मला बाजूला ठेव. सगळी मंडळी एका आवाजात म्हणत होती. मीही म्हणत होते. ‘बाजूला ठेव’पाशी आले आणि आवाजच फुटेना. नणंदेला वाटलं घसा बसला, तिनं पर्समधून खडीसाखर काढून दिली.

तर पहिलं काम हेच. आपलं समर्पण कुठे अडलंय ते शोधायचं. कराराची प्रार्थना नसली तरी प्रभूची प्रार्थना आहेच, लहानपणापासून पाठ आहे आणि म्हणूनच धोक्याची आहे. ती आगगाडीसारखी सुटते. एकदा एकट्यानं बसून तिला प्रत्येक स्टेशनला थांबवा. ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ इथे उतरा. पृथ्वी म्हणजे कुठली? माझ्यापुरती पृथ्वी म्हणजे सासूबाईंची खोली, नवऱ्याचं पासबुक, मुलीचं लग्न, गुडघा, प्लॉटची भांडणं. एकेक घेऊन तेच वाक्य म्हणून पाहा. कुठेतरी आवाज अडतो. तिथे खूण करा.

मग ती एकच गोष्ट घ्या. यावर माझा फार कटाक्ष आहे.

ड्यूटी बदलताना आम्ही ओव्हर देतो. ‘सगळं ठीक आहे सिस्टर’ म्हणून पर्स उचलून निघालेल्या मुलींना मी गेटपासून परत बोलावलेलं आहे. ओव्हर म्हणजे बेडपाशी जाऊन. बेड नंबर एक, नाव काय, ऑपरेशन कशाचं, सलाइन कितवं, लघवी किती, ताप कधी आला, डॉक्टर काय सांगून गेले, सोबत कोण आहे, पेशंटनं रात्री काय त्रास दिला. मग बेड नंबर दोन. घेणारी सिस्टर ऐकते, विचारते, चार्टवर बघते. त्यानंतर तुम्ही घरी जायचं. ‘माझं सारं जीवन तुला वाहते प्रभू’ ही प्रार्थना मला ‘सगळं ठीक आहे सिस्टर’सारखी वाटते. ऐकायला गोड, पण त्यात एकाही पेशंटचं नाव नाही.

म्हणून वही करा. मी पतसंस्थेची जुनी डायरी वापरते, तारखा चुकीच्या असल्या तरी चालतं. त्यात ती एक गोष्ट लिहा, नावानिशी, आकड्यानिशी. ‘मुलाचं भलं होवो’ असलं नको. माझ्या वहीत एकदा असं होतं: ‘धाकट्याची पुण्यातली नोकरी सुटून चार महिने झाले. हप्ता एकोणीस हजार. तो घरी परत येतो म्हणतोय आणि मला तो परत यायला नको आहे.’ शेवटचा तुकडा लिहायला मला तीन दिवस लागले. आईनं असं लिहायचं? पण ओव्हर द्यायचा तर तोच बेड होता. बाकी देवाला माहीत होतंच. तसं तेही होतं म्हणा.

आता बोलायचं काय, हा त्या मुलीचा प्रश्न. इथे मला जरा वेळ लागेल.

येशूला पकडून नेलं त्या रात्रीची गेथशेमाने बागेतली त्याची प्रार्थना उघडा, लूकच्या २२व्या अध्यायात किंवा मार्कच्या १४व्या. आपण शेवटचा भाग पाठ केलेला असतो, ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे.’ भिंतीवर, कॅलेंडरवर तेवढंच छापतात. पण प्रभूच्या तोंडून आधी काय निघालं? हा प्याला, म्हणजे पुढचं दुःख, माझ्यापासून दूर कर. आधी हवं ते मागितलं, स्पष्ट, काही न झाकता, पालथं पडून. मग एक शब्द येतो, ‘तरी’. आणि त्यानंतर तुझी इच्छा. आपण काय करतो, ‘तरी’च्या पुढचं म्हणतो आणि मागचं गाळतो. मागे काही नसेल तर ‘तरी’ला अर्थच उरत नाही. मी दोन वर्षं हेच करत होते. मेट्रनची खुर्ची मला हवी होती हे देवासमोर मी एकदाही म्हटलं नव्हतं. जे मागितलंच नाही ते सोडणार कसं?

आणि एकदा मागून भागलं नाही तर पुन्हा मागा. मत्तयानं नोंदलंय की प्रभूनं तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली. पौलानं त्याच्या देहातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ एवढंच उत्तर आलं. मूल हवं म्हणून हन्ना मंदिरात इतकी रडली, ओठ हलत होते आणि आवाज नव्हता, की एली याजकाला वाटलं बाई प्यायलेली आहे. यांपैकी कुणालाही देवानं ‘मागतेस कशाला’ म्हणून झापलेलं नाही. तेव्हा मागणं म्हणजे बंड, ही भीती काढून टाका. आमच्या मंडळीत काही बायका आजारपणात बरं होण्याची प्रार्थनाच करत नाहीत, देवाला हुकूम केल्यासारखं होईल म्हणून. नम्रता असेल ती. मला मात्र तो रुसवा वाटतो.

ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथ मुलं सांभाळणारे जॉर्ज म्युलर सांगत, की देवाची इच्छा ओळखायची तर त्या बाबतीत आपलं स्वतःचं मन आधी अगदी कोरं झालं पाहिजे, आणि माणसांची दहातली नऊ अडचण तिथेच असते. म्युलर मोठा माणूस, मी त्यांच्यापुढे कोण. पण माझं मन कुठल्याही महत्त्वाच्या गोष्टीत कोरं झालेलं मला आठवत नाही. कोरं होण्याची वाट पाहत बसले असते तर अजून बसलेले असते. बागेत प्रभूचं मन कोरं होतं असंही मला वाचून वाटत नाही. घामाचे थेंब रक्तासारखे पडत होते. त्यामुळे मी म्हणते, हवंय ते हवंय म्हणून हातात धरा, तसंच घेऊन जा आणि मूठ उघडा. कोरं व्हायचं तर ते नंतर देव बघेल.

भाषेबद्दल एक. प्रार्थनेला बसलं की आपण एकदम ‘करितो, मानितो’वर जातो. आज्यांच्या काळातलं शास्त्र, म्हणजे बायबल, कानात बसलंय, त्याचा दोष नाही. चारचौघांत ती भाषा शोभतेही. पण या कामाला ती नको. ‘करितो’मध्ये खोटं बोलणं फार सोपं जातं. घरात ज्या भाषेत भांडता त्या भाषेत बोला, आणि मोठ्यानं बोला. मनातल्या मनात वाक्य अर्धं सोडता येतं, आवाजात आलं की पुरं करावं लागतं.

मुंबईहून परत आल्यावर मला नाइट होती. पहाटेचे दोन-अडीच, थिएटरात केस नव्हती, वॉर्डबॉय खुर्चीत पेंगत होता. मी लिननच्या खोलीत गेले, या वेळी कुणी येत नव्हतं तरी. दार लोटलं, चादरींच्या गठ्ठ्यावर बसले आणि म्हणाले, “मला ती खुर्ची हवी होती. अजून हवी आहे. ती तू तिला दिलीस याचा मला राग आहे. तिच्यावर नाही. तुझ्यावर आहे.”

काही झालं नाही. उजेड पडला नाही, वचन आठवलं नाही. कापड वाफेनं निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हमधून कापडाचा गरम ओलसर वास येत होता तेवढाच. मी ‘तरी’ म्हणाले आणि पुढचं वाक्य येईना, म्हणून उठून त्या कापडांचे ड्रम भरायला गेले. पुढचे जवळजवळ तीन आठवडे माझी प्रार्थना ‘तरी’पाशीच थांबायची. हे मुद्दाम सांगते, कारण सभेत साक्षी ऐकल्या की वाटतं बाकीच्यांचं एका रात्रीत होतं. अर्धं वाक्य घेऊनही देवाकडे जाता येतं. पुरं झालं तेव्हा मी घरी होते, पहाटे, पीठ मळत होते, आणि ते इतकं सहज तोंडातून गेलं की मला वाटलं मी म्हटलंच नाही. पुन्हा म्हणून बघितलं. आवाज अडला नाही.

पण एवढ्यावर थांबलात तर ते पुन्हा मंडळातल्या साक्षीसारखं होईल. पुरं वाक्य म्हटल्यावर लगेच विचारायचं, आज यात माझ्या हातानं करण्यासारखं काय आहे? बहुतेक वेळा उत्तर आधीच माहीत असतं आणि लहान असतं, म्हणूनच नको असतं. माझं उत्तर होतं, सलाम. त्या दिवशी ती सिस्टर कॉरिडॉरच्या टोकाला दिसली आणि मी जागची हलले नाही. जवळ आल्यावर म्हणाले, “सलाम, सिस्टर.” ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “काय, चादरी संपल्या का?”

म्हणजे दोन वर्षं तिला सगळं कळत होतं. आम्ही दोघी तिथेच हसलो. मैत्रीण वगैरे झालो नाही. ती हाताखालच्यांना टाकून बोलायची ते मला आवडलं नाही ते नाहीच. पण थिएटरची वर्षाची मागणी तिनं माझ्याकडून लिहून घ्यायला लागल्यापासून सामान वेळेवर येऊ लागलं.

वेळ आणि जागा. मी पहाटे नळाला पाणी यायच्या आधी बसते, पंधरा मिनिटं, त्याहून जास्त बसले तर डुलकी लागते. गुडघे टेकवत नाही आता, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसते, हात मांडीवर उघडे. फोन दुसऱ्या खोलीत. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात नाही.

रात्रीचं मात्र सांगायला हवं, कारण सकाळी दिलेली गोष्ट दुपारपर्यंत परत आपल्याकडे येते. आपणच जाऊन आणतो. ऑपरेशनमध्ये पोट उघडण्याआधी मॉप, म्हणजे रक्त टिपायची कापडं, मोजतात, पाच-पाचच्या गठ्ठ्यानं, आणि आकडा फळ्यावर लिहितात. मध्ये दिला की वाढवून लिहायचा. पोट बंद करायच्या आधी पुन्हा मोजणी, कातडी शिवायच्या आधी पुन्हा. आकडा जुळला नाही तर कितीही मोठा सर्जन असो, थांबायचं. मी एकदा एका मॉपसाठी वीस मिनिटं थांबवलंय, बादलीच्या तळाला चिकटलेला निघाला. सर्जन चिडले होते. चिडू देत. आत राहिला असता तर?

झोपण्याआधी तशी मोजणी करायची. वही उघडायची, सकाळी काय दिलं ते वाचायचं, आणि दिवसभरात ते कितीदा परत उचललं ते आठवायचं. धाकट्याच्या नोकरीच्या वेळी माझा आकडा एका दिवसात सहा होता: दोनदा त्याला न विचारता ओळखीच्यांना फोन केले, एकदा सुनेला टोमणा मारला, तीनदा नुसती काळजी करत बसले. लिहायचं आणि पुन्हा द्यायचं. रडारड नको, मॉप मोजताना कुणी रडत नाही. वसईची माझी कॅथलिक मैत्रीण, आम्ही एकाच बॅचच्या, म्हणाली की हे तर आमच्याकडे लोयोलाच्या संत इग्नेशियसनी सोळाव्या शतकातच शिकवलंय, दिवसाचं परीक्षण. मी म्हटलं, असेल, मला मॉपनी शिकवलं.

देवाची इच्छा ओळखायची कशी, हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात आणि मी मुद्दाम मागे ठेवलाय. नव्वद टक्के वेळा ती माहीत असते. दुकानदारानं शंभर रुपये जास्त परत दिले तर प्रार्थना करत बसू नका, परत करा. मीखा संदेष्ट्यानं सहाव्या अध्यायात तीन गोष्टी सांगून ठेवल्यात: न्यायानं वागणं, दयेची आवड धरणं, देवाबरोबर नम्रपणे चालणं. त्यातच बराचसा दिवस जातो. जे खरंच माहीत नसतं, हे स्थळ का ते, ही नोकरी का ती, तिथे डोळे मिटून शास्त्र उघडून बोट ठेवायची पद्धत सोडून द्या. माझ्या एका मैत्रिणीनं घर घ्यावं का म्हणून असं बोट ठेवलं तर यहूदानं गळफास घेतल्याचं वाक्य आलं. तिनं ते सोडून दुसऱ्यांदा ठेवलं. म्हणजे ऐकायचं काय ते तिचं आधीच ठरलेलं होतं. त्यापेक्षा दोन जाणत्या माणसांना विचारा, त्यातलं एक तरी तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकणारं हवं. थोडे दिवस जाऊ द्या. आणि जी गोष्ट लपवूनच करावी लागते आहे तिला देवाची इच्छा म्हणायची घाई करू नका. एवढं करून दोन्ही वाटा बऱ्याच वाटल्या तर एक धरा आणि चाला.

आता समर्पण कशाला म्हणायचं नाही ते. इथे मी जरा कडक आहे.

एक बाई आमच्याकडे बेशुद्ध आणलेली, शुगर साडेचारशेच्या वर. प्रार्थना सभेतून आल्यावर तिनं इन्शुलिन बंद केलं होतं, देवावर सोपवलं म्हणून. देवानं दिलेली वस्तू फ्रिजमध्ये ठेवून देवाचीच वाट पाहायची, याला मी समर्पण म्हणत नाही. ओव्हर दिला तरी औषध वेळेवर द्यायचंच असतं.

दुसरं, नवऱ्याचा मार. हाताला प्लास्टर घालून आलेल्या बाईला ‘अधीन राहा’ म्हणून परत पाठवणारी माणसं मी पाहिली आहेत, तीही शास्त्र हातात धरून. इच्छा द्यायची ती देवाला. नवऱ्याला, सासूला, पाळकांना ती परस्पर देता येत नाही. आमच्या नगरशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या लक्ष्मीबाई टिळकांचंच बघा. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, यांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत झाला. नवरा म्हणाला म्हणून लक्ष्मीबाई मागोमाग गेल्या नाहीत. ताटातूट सोसली, परत आल्यावरही सोवळं-ओवळं आपलं आपण पाळलं, स्वतःच्या बुद्धीला पटलं तेव्हा सोडलं, आणि बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. पाच वर्षं. मला ही पाच वर्षं फार मोलाची वाटतात. घाईनं मान तुकवली असती तर ती टिळकांपुढे तुकवलेली मान झाली असती. तेव्हा कुणी तुमच्याकडून प्लॉट, पगार किंवा गप्प बसणं मागत असेल आणि त्याला देवाची इच्छा म्हणत असेल, तर त्याला सांगा, मी देवाला विचारते. मारत असेल तर विचारायचंही थांबू नका, घराबाहेर पडा, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा, मग प्रार्थना करा.

राहिल्या त्या गोष्टी ज्यांत आपल्या हातानं करण्यासारखं काही उरत नाही. यात मी शिकाऊ आहे, म्हणून थोडंच लिहिते.

पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा. आईच्या पश्चात निराधार बायका-मुलींना सांभाळणाऱ्या मुक्ती मिशनचं काम पुढे नेईल ती हीच, असं धरलेलं होतं. तशी ती तयारही झालेली होती. जुलै १९२१ मध्ये ती गेली, चाळिशीच गाठलेली. रमाबाई तेव्हा थकलेल्या, कानांनी अधू. मूळ इब्री आणि ग्रीकवरून शास्त्राचं मराठी भाषांतर त्यांच्या हातात होतं, ते काम त्यांनी टाकलं नाही. ५ एप्रिल १९२२ला त्याही गेल्या. शास्त्र छापून पूर्ण झालं १९२४ साली, मुक्तीच्याच छापखान्यात. त्या नऊ महिन्यांत त्या देवाशी काय बोलल्या असतील याचा मी पुष्कळदा विचार करते. केडगाव स्टेशनावरून गाडी जाताना तर हटकून.

माझ्या मिस्टरांना सहा वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, त्यातलं थोडं परत आलं. ते चर्चच्या गायनात तबल्याला होते. तबला कपाटावर आहे, त्याला मी कापडाचा गिलाफ शिवलाय. त्यांच्या बाबतीत वहीत माझं ‘तरी’ अजून काही दिवस पुरं होतं, काही दिवस नाही. एवढंच लक्षात आलंय की त्यांच्या उरलेल्या सगळ्या वर्षांसाठी ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ म्हणायला गेले तर छाती दडपते. प्रभूच्या प्रार्थनेत त्या ओळीच्या लगेच पुढे ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ आहे. आज. मग मी आजच्यापुरतं म्हणते. आज त्यांना आंघोळ घालताना पाय घसरू नये, आज शब्द सापडला नाही म्हणून ते चिडले तर मी उलट बोलू नये. उद्याचा ओव्हर उद्या. भाकर तव्यावर फुगते तेव्हा ते खुर्चीतून डाव्या हातानं टाळी वाजवल्यासारखं मांडीवर थापतात, ठेका बरोबर असतो.

त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं नाही. फोनवर एवढंच सांगितलं, की एक वही घे, एक गोष्ट घे, आणि आधी तुला काय हवंय ते लिही. तिची गोष्ट तिनं सांगितली: जर्मनीत नर्सची भरती आहे, भाषेचा क्लास लावायचाय, आणि घरी आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा. देवाची इच्छा जाण्याची आहे की राहण्याची, हे तिला कळायला हवं होतं. मी म्हटलं, ते नंतर.

परवा रात्री तिचा निरोप आला. “मावशी, मला काय हवंय ते लिहायला बसले. दीड पान झालं. आईला वाचून दाखवता येणार नाही असं आहे.”

मी लिहिलं, “आईला नकोच दाखवू. अजून आहे का?”

“आहे.”

“मग लिही. आज मोजणी नको करू.”